सिस्टरची चूल

देवकाबाईच्या घरातली माणसं गेली ती मिरचीपायी.

धान निघून गेलं की त्या गावात हाताला काम राहत नाही. गाव चामोर्शीच्या पुढं, जंगलाच्या काठाला. गावाला एक मोठा तलाव. पण त्या तलावावर ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा, सगळा मोहल्ला जगणार म्हटल्यावर घरटी कितीशी मासोळी येणार? मग हिवाळा सरता सरता तेलंगणातून गाडी येते, माणसं भरते आणि मिरची तोडायला घेऊन जाते. देवकाबाईचा मुलगा रमेश आणि सून दरवर्षी त्या गाडीत बसायचे. नवरा आधीच गेलेला. मागं उरायच्या त्या देवकाबाई आणि नात सोनू. घरात तांदूळ असला तर डाळ नसायची, आणि दोन्ही असलं तर तेल नसायचं. तरी आजी-नात मिळून ते दिवस काढायच्या.

सोनूला सिकलसेल होता. ठणका उठला की पोर गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसायची, रडायचीसुद्धा नाही. ती गावातल्याच आश्रमशाळेत शिकायची. शाळेत सिस्टर होती तोवर निभावलं. पण सिस्टरची जागा मानधनाची, आणि मानधन येईल तेव्हा येईल. ती सिस्टर कंटाळून गेली. दुसरी आली, तीही गेली. मग खोलीला कुलूप लागलं. त्या वर्षी मिरचीची गाडी आली तेव्हा सून म्हणाली, "पोरीले संग नेतो आत्याबाई. तिथी दवाखाना जवळ हाय. इथी ठणका उठला त कोण पाहीन?"

रमेशला तिकडं मिरचीच्या गोदामात काम लागलं आणि ते घर तिकडचंच झालं. जाताना सून दारात एवढं बोलून गेली होती, "शाळेत सिस्टर टिकली ना, त आणतो सोनूले परत."

बोलणाऱ्याला कदाचित ते आठवतही नसेल. देवकाबाईनं मात्र ते वाक्य धरून ठेवलं.

मी त्या गावात गेले ती त्याच शाळेत तासिकेवर शिकवायला. माझे वडील वरोऱ्याच्या बाजारात पोती वाहायचे, आई कापूस वेचायला जायची. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी मान वर करून सांगते. पण तासिकेवरच्या मॅडमचंही सिस्टरसारखंच, पैसे कधी येतील ते कोणालाच माहीत नाही. भाड्यानं खोली घ्यायची माझी ऐपत नव्हती. हेडमास्तर म्हणाले, "देवकाबाईला विचारा. ती भाडं मागणार नाही. पण बडबड फार करते, आधीच सांगतो."

मी गेले तेव्हा ती छपरीत जाळ्याची फाटकी बाजू शिवत बसली होती. बारीक, काळी, पायाच्या टाचा भेगाळलेल्या. नजर वर करून तिनं आधी माझ्या बॅगेकडं पाहिलं.

"तू सिस्टर का?"

"नाही. मी मॅडम. शाळेत शिकवते."

"बाप्पा! आमाले सिस्टर पाह्यजे होती." हे तिनं माझ्या तोंडावर सांगितलं. मग जाळं बाजूला सारलं. "जाऊ दे. आली त ये. पाय धू."

अशी मी त्या घरात शिरले.

देवकाबाई सगळ्यांना त्यांच्या हुद्द्यानं हाक मारायची आणि सगळ्यांना एकेरी बोलायची. "मॅडम, तू जेवली का?" "हेडमास्तर, तुह्या शाळेचा नळ काऊन वाहून राह्यला?" तलाठी आला तरी त्याला "तलाठी, बस. लाल चहा हाय, दूध नाई," असं सुनावायची. तिच्या तोंडी त्या एकेरीत अपमान नसायचा, त्यामुळं कोणी रागावत नसे.

एकटं जेवणं तिला जमत नसे. "एकट्याचा भात शिजत नाई मॅडम, नुसता ओला होते," असं ती म्हणायची. मी येण्याआधी ती काय करायची हे शेजारणीनं मला सांगितलं. ताट घेऊन ती दारात यायची आणि रस्त्याकडं तोंड करून बसायची. जाणारा-येणारा विचारायचा, "जेवून राह्यली का बाई?" ती म्हणायची, "जेवतो ना, ये." येत कोणीच नसे, पण तेवढ्या बोलण्यावर तिचे दोन घास उतरायचे. तिला वाईट वाटेल म्हणून लोकही मुद्दाम त्या वाटेनं जात असावेत असा मला संशय आहे.

रविवारी सोनूचा फोन यायचा. देवकाबाई फोनचा आवाज मोठा करून तो छपरीच्या खांबाच्या खाचेत ठेवायची आणि समोर हात जोडल्यासारखी बसायची. अर्धा मोहल्ला ऐकायचा. बोलणं दर वेळी तेच असायचं. काय खाल्लं, ठणका उठला का, पाणी पेते का. फोन बंद झाला की ती तो पदरानं पुसून ठेवी. मग मला म्हणायची, "मी काई दानधर्म करून नाई राह्यली तुले ठेवून. मले घरात आवाज पाह्यजे." मला ते आवडायचं. उपकार केल्याचा आव तिनं कधी आणला नाही.

पावसाळा सुरू झाला आणि शाळेत नवी सिस्टर येणार असं कळलं. देवकाबाई त्या दिवशी तलावावर गेलीच नाही. आलापल्लीकडं जाणाऱ्या गाडीची वेळ धरून ती स्टॉपवर जाऊन उभी राहिली. हेडमास्तरांनी सिस्टरसाठी शाळेतली खोली झाडून ठेवली होती. पण ते पोचेपर्यंत सिस्टरची पेटी देवकाबाईच्या डोक्यावर चढली होती.

"अहो बाई, खोली शाळेत आहे त्यांची," हेडमास्तर म्हणाले.

"ते खोली गळते. गळते का नाई? खरं सांग हेडमास्तर."

खोली गळत होती. हेडमास्तरांनी किल्ली परत खिशात घातली.

सिस्टरचं नाव अर्चना. वर्ध्याकडची, चोविशी-पंचविशीची, बोलायला मऊ. कामाला मात्र कडक. मुलींच्या वसतिगृहात तापाची पोर सापडली की बोटाला सुई टोचून रक्त घ्यायची, सिकलच्या मुलींना एका रांगेत बसवून समोर पाणी प्यायला लावायची. पालक येऊन पाहून जायचे, आणि ज्यांनी मुली घरी नेल्या होत्या ते हळूहळू परत आणून सोडू लागले. देवकाबाई दुपारी शाळेतल्या तिच्या दवाखान्याच्या खोलीच्या उंबरठ्यावर जाऊन बसे. एखाद्या मुलीला ठणका उठला की सिस्टर काय काय करते ते डोळे न हलवता पाही आणि मग विचारी, "सोनू असती त तिलेई असंच केलं असतं का?"

"असंच केलं असतं बाई."

रविवारी तो सगळा वृत्तांत फोनवर जायचा. "सिस्टर हाय आता. लय चांगली हाय. माह्याच घरी ठेवली हाय म्या तिले." पलीकडून सून म्हणायची, "पाहू आत्याबाई. टिकू त द्या."

टिकू त द्या. म्हणून मग देवकाबाई सिस्टरला टिकवायच्या मागं लागली. तिला माहीत असलेला टिकवायचा उपाय एकच, खाऊ घालणं. रोज सकाळ-संध्याकाळ सिस्टरच्या ताटात मासोळी. मरळीचा रस्सा, झिंग्याची भाजी, नाहीतर सुकसी, म्हणजे वाळवलेली मासोळी, तव्यावर भाजून. सिस्टर मान खाली घालून भात कालवायची. देवकाबाई आत वळली की तिची वाटी हळूच माझ्याकडं सरकायची. मी एकदा विचारलं, तर तिनं ओठावर बोट ठेवलं. मीही पुढं विचारलं नाही. मासोळी चांगली होती.

एक दिवस देवकाबाई आणखी रस्सा वाढायला मागं फिरली आणि वाटी मधल्या वाटेत असतानाच तिनं पाहिली. तिचा चेहरा उतरला. हातातला रश्शाचा गंज, म्हणजे पातेलं, तसंच धरून ती म्हणाली, "काऊन वो सिस्टर? माह्या हातचं चालत नाई का तुले?"

असा प्रश्न ज्यांनी विचारलेला ऐकला आहे त्यांनाच त्यात काय असतं ते कळेल. ढिवराच्या घरचं पाणीही न पिणारी माणसं तिनं पाहिली होती. सिस्टरला रडू फुटलं.

"तसं नाही हो बाई! आमचं महानुभावांचं घर आहे. मटण-मासोळी काहीच चालत नाही आमच्यात. तुम्ही एवढ्या मायेनं वाढता, मला सांगायची हिंमतच झाली नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

देवकाबाईनं गंज खाली ठेवला. "मंग आतापर्यंत कोण खाल्लं?"

दोघींनी माझ्याकडं पाहिलं.

"म्हणूनच मॅडमचे गाल निघाले!" देवकाबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. सिस्टरही रडता रडता हसली. मला काय करावं ते कळेना, म्हणून मी उरलेला रस्सा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी देवकाबाईनं तलावाची चिकण माती आणली, तिच्यात भुसा मळला आणि छपरीच्या दुसऱ्या टोकाला नवी चूल घातली. तिच्यासाठी गंज वेगळा, पळी वेगळी. "हे तुही चूल. माह्या मासोळीचा हात इकडं लागनार नाई," असं तिनं सिस्टरला सांगितलं. त्या दिवसापासून छपरीत दोन चुली पेटू लागल्या. इकडं आम्ही दोघी, तिकडं सिस्टर. बोलणं मधल्या मोकळ्या जागेतून चालायचं. त्या चुलीनं पुढं काय काय होणार आहे हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं, देवकाबाईलाही नाही.

होळी झाली आणि सिस्टरचं मानधन अडकलं. माझंही अडकलं, पण मी सोसून होते, घरी तोंड दाखवायला लाज वाटत होती म्हणून. सिस्टरच्या वडिलांचा फोन आला, की गावाजवळच्या खाजगी दवाखान्यात जागा आहे, ये निघून. सिस्टरनं दोन दिवस काढले. मग तिनं पेटी बाहेर ओढली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली.

देवकाबाईनं ते पाहिलं. ती उठली आणि तलावाच्या पाळीवर जाऊन बसली. मी पाठोपाठ गेले. पाणी पार खाली उतरलं होतं, काठाचा चिखल तडकला होता. मी म्हटलं, "बाई, तिचाही नाइलाज आहे."

"मी तिले काई म्हटलं का?" ती पाण्याकडं पाहतच म्हणाली. "पण आता सोनू नाई येत."

उन्हाळ्यात तलाव असा उतरला की त्या गावात मोठं जाळं ओढतात. सगळ्या मोहल्ल्याचं मिळून एकच जाळं. निघालेली मासोळी पाळीवर पळसाच्या पानांवर ओततात आणि तिचे वाटे करतात. वाटा माणसाला नसतो, घरालाही नसतो. तो चुलीला असतो. दोन भाऊ एका घरात राहून एका चुलीवर खात असतील तर एक वाटा, आणि चूल वेगळी केली असेल तर दोन. फक्त त्या चुलीवरचं एक माणूस पाण्यात उतरलं पाहिजे. हा कायदा कोणी लिहिलेला नाही, पण त्यावरून भांडण झालेलं कोणाला आठवत नाही.

जाळं ओढायच्या आदल्या संध्याकाळी पाळीवरच्या चिंचेखाली बैठक बसते. मच्छीमार संस्थेचा पुढारी सोमाभाऊ मध्ये बसतो आणि चुली मोजून घेतो. बायका मागं उभ्या राहतात, बोलत नाहीत. सोमाभाऊ उठायला लागला तशी देवकाबाई पुढं झाली.

"एक चूल राह्यली."

"कोणाची वो बाई?"

"सिस्टरची."

आधी कोणाला कळलंच नाही. मग हशा पिकला. सोमाभाऊ म्हणाला, "सिस्टर मासोळी खाते का?"

"नाई खात."

"मंग वाटा काऊनचा?"

"खात नाई म्हणूनच तिची चूल अलग हाय. चूल अलग त वाटा अलग. हा कायदा म्या नाई काढला सोमा, तुह्या बापानं काढला."

मागून कोणीतरी म्हणालं, "सिस्टरले त सरकार पगार देते!"

"देते तवा देते. चूल रोज पेटवा लागते." देवकाबाई आवाज आला तिकडं वळली. "आन् तू बोलून राह्यला काय रे? तुह्या पोराले ताप भरला तवा कोणाच्या दारात उभा होता?"

तो माणूस पुढच्याच्या पाठीमागं दडला. आणखी एकानं चेष्टा केली, "मंग मॅडमचाई वाटा काढा!"

"मॅडमची चूल नाई. मॅडम माह्या चुलीवर खाते. ते माह्यात धरली हाय." खरं सांगायचं तर मला जरा लागलं. पण कायदा तसाच होता.

सोमाभाऊनं डोकं खाजवलं. "बाई, पाण्यात उतरा लागते. उतरन का सिस्टर?"

"उतरन."

हे तिनं सिस्टरला न विचारता सांगितलं होतं. घरी येऊन तिनं पेटीकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "सिस्टर, गाडी परवाची धर. उद्या मले तुहं एक काम हाय."

सकाळी सिस्टर माझा जुना पंजाबी ड्रेस घालून गुडघाभर पाण्यात उभी राहिली. तिला जाळ्याची कडेची दोरी धरायला दिली होती. बायकांनी तिला मध्ये घेतलं होतं, पाय कुठं टाकायचा ते सांगत होत्या. जाळं आवळत आलं तशी मासोळी उसळायला लागली. एक कटला उडाला आणि सिस्टरच्या पोटावर आपटला. ती किंचाळून मागच्या मागं चिखलात बसली. पाळीवरचा सगळा गाव हसला.

"लोकाईच्या पोराईले सुया टोचते तवा नाई भेत," देवकाबाई ओरडली, "आन् मासोळीले भेली! उठ, दोरी सोडू नको! सोडली त वाटा गेला!"

सिस्टरनं दोरी सोडली नव्हती. चिखलात बसूनही धरून होती.

वाटे पडले. सोमाभाऊनं शेवटच्या ढिगावर स्वतः एक मोठा कटला ठेवला आणि म्हणाला, "हे सिस्टरच्या चुलीचं." सिस्टर नाकाला ओढणी लावून लांब उभी होती. त्या ढिगाकडं पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वासानं की कशानं, ते मी विचारलं नाही. देवकाबाईनं त्यातली थोडी मासोळी बाजारात विकली, थोडी शेजारपाजारी देऊन लाखोळीची डाळ आणि तांदूळ घेतले, आणि बाकीची पावसाळ्यात विकायला वाळत घातली. सिस्टरची चूल पेटत राहिली.

संध्याकाळी सिस्टर पेटीजवळ बसून होती. मला म्हणाली, "मॅडम, गावाचा वाटा घेतल्यावर आता जायचं कसं?" आणि तिनं घड्या केलेले कपडे पुन्हा दोरीवर टाकले.

वाट्यानं कोणाचा संसार चालत नाही, हे मी स्पष्ट सांगते. मानधन वेळेवर यायलाच हवं, आणि ते पोट भरेल एवढं हवं. त्याला मासोळी हा उपाय नाही. पण माणूस नुसतं पैसे नाहीत म्हणून जात नाही. आपण इथं नसलो तरी कोणाला फरक पडणार नाही असं वाटलं की जातं. वाटा पडला त्या दिवसापासून सिस्टर गावात मोजली गेली. तिच्या चुलीपाशी कोणी वांगी ठेवून जायचं, कोणी अंबाडीची भाजी. देवकाबाई प्रत्येक जुडी उलटून पाहायची आणि ठेवणाऱ्याला ऐकू जाईल अशी म्हणायची, "किडकी त नाई ना दिली सिस्टरले?"

पुढच्या वर्षी शाळेतल्या तासिकेवरच्या दोन सरांनीही चूल सांगितली. दोघं एकाच खोलीत राहायचे. वाटे दोन पडावेत म्हणून त्यांनी बैठकीच्या आदल्या दिवशी खोलीत दुसरी चूल मांडली. सोमाभाऊनं निवाडा देवकाबाईवर सोडला. ती गेली, नव्या चुलीत हात घातला, हात बाहेर काढून सगळ्यांना दाखवला. हाताला राख लागली नव्हती. "ह्या चुलीनं अजून भात नाई पाह्यला. एकच वाटा." सर लोकांनी तो एक वाटा मुकाट्यानं घेतला, आणि तेही पाण्यात उतरले.

असा सिस्टरचा मुक्काम पक्का झाला. देवकाबाईनं फोनवर सुनेला किती वेळा सांगितलं त्याला गणती नाही. शेवटी एका लग्नाच्या निमित्तानं रमेश, सून आणि सोनू आले. देवकाबाईनं भिंतींना पांढरी माती सारवली होती. सोनू उंच झाली होती. आजीला येऊन बिलगली, पण आजीशी बोलताना मध्ये मध्ये थांबायची आणि शब्द शोधायची.

दुसऱ्या दिवशी देवकाबाई तिला शाळेत घेऊन गेली. पाहुण्याला नवं घर दाखवावं तशी तिनं सिस्टरची खोली दाखवली. ही खाट, ही गोळ्यांची पेटी, हा पाण्याचा माठ. "ठणका उठला त इथी झोपाचं. सिस्टर जवळ बसते. मी दुपारी येतच असतो."

सोनू सगळं पाहून घेत होती. मग हळूच म्हणाली, "आजी, चांगलं हाय. पण मले आता मराठी लिवता नाई येत."

"लिवता काऊन नाई येत? मॅडम शिकवते ना."

"तिथी सगळं तेलुगूत हाय आजी. माह्या मैत्रिणी तिथी हाय. दवाखानाई हाय."

देवकाबाई पुन्हा म्हणाली, "सिस्टर हाय ना पण."

"हाय ना आजी," सोनू म्हणाली आणि खाली पाहू लागली.

जाताना रमेशनं आईला विचारलं, "तूच चाल ना आमच्या संग."

"मी तिथी काय करू? तिथी तलाव हाय का?" असं म्हणून तिनं त्याच्या पिशवीत सुकसी कोंबली. गाडी गेल्यावर आम्ही घरी आलो. तिनं भात टाकला, आणि तो आणखी तीन माणसांना पुरेल एवढा झाला.

त्यानंतर काही दिवस ती शाळेच्या नळावरूनसुद्धा भांडली नाही. हेडमास्तरांना वाटलं ती आजारी आहे. सिस्टर माझ्यापाशी येऊन म्हणाली, "मॅडम, मला ठेवलं होतं ते सोनूसाठी. आता बाईंना माझी अडचण तर होत नसेल?" मलाही तेच वाटत होतं.

तलाव उतरला. चिंचेखाली बैठक बसली. देवकाबाई येईल की नाही याची आम्हाला खात्री नव्हती. ती आली आणि बायकांच्या मागं उभी राहिली. सोमाभाऊनं चुली मोजल्या, आणि शेवटी थांबून तिच्याकडं पाहिलं. सगळ्या मोहल्ल्याला सगळं माहीत होतं. तो जरा चाचरतच म्हणाला, "बाई, सोनू त आता येत नाई म्हणते. सिस्टरचा वाटा धराचा का?"

देवकाबाई पुढं आली. "चूल सोनूची होती का रे?"

"नाई."

"कोणाची होती?"

"सिस्टरची."

"मंग धर."

एवढं बोलून ती पुन्हा मागं जाऊन उभी राहिली. सोमाभाऊनं वाटा धरला. त्यानंतर त्याबद्दल कोणी कधी विचारलं नाही.

पुढं मला चंद्रपूरजवळच्या शाळेत कायमची नोकरी लागली आणि मी निघाले. दोन वर्षांनी अर्चना सिस्टरलाही तिच्या जिल्ह्यात कायमची जागा मिळाली. दोघींनाही देवकाबाईनं आनंदानं जाऊ दिलं असं मी म्हणणार नाही. मला ती म्हणाली, "जा. सगळेच जाते." अर्चनाला काय म्हणाली ते अर्चनानं मला कधी सांगितलं नाही.

मी देवकाबाईला शेवटची भेटले ती दिवाळीच्या सुट्टीत. अर्चनाच्या जागी नवी सिस्टर आली होती. आरमोरीकडची, हसरी आणि पक्की मासोळीखाऊ. मी छपरीत बसले होते. एका टोकाला देवकाबाईच्या चुलीवर मासोळी शिजत होती, दुसऱ्या टोकाला नव्या सिस्टरच्या चुलीवरही मासोळीच शिजत होती. मी हसून विचारलं, "आता दोन चुली कशाला बाई? एकत्रच करा ना."

"मी पण तेच म्हणते मॅडम," सिस्टर तिकडून म्हणाली. "बाई ऐकतच नाही. रोज एकट्याच जेवतात. मी माझं ताट घेऊन तिकडं गेले तरी हाकलून लावतात."

"गप वो!" देवकाबाई तिच्यावर डाफरली. मग माझ्याकडं सरकून दबक्या आवाजात म्हणाली, "एका चुलीवर खाल्लं आन् सोमानं पाह्यलं, त सिस्टरचा वाटा जाईन. इच्यानंतर येईन तिचाई जाईन."

"मग मी कोणाच्या चुलीवर जेवू?"

"तू पाव्हनी. तू दोन्हीकडं खा."

मी दोन्हीकडं जेवले. देवकाबाई माझ्या शेजारी बसली, पण ताट तिनं आपल्या चुलीच्या रेषेआत ठेवलं. पलीकडं सिस्टर आपल्या चुलीपाशी बसली. दोघी मोठ्यानं एकमेकींशी बोलत होत्या, तिखट जास्त झालं की कमी यावर भांडत होत्या. तलावाकडून वारा येत होता आणि दोन्ही चुलींचा धूर छपरीच्या कौलांखाली एक होऊन बाहेर पडत होता. देवकाबाईनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "धुराचं काय, त्याले कोणी धरत नाई."

मागच्या हिवाळ्यात देवकाबाई वारली. घरात सिस्टर होती, तिनंच सगळ्यांना कळवलं. त्या आश्रमशाळेतली सिस्टरची जागा पहिला वाटा पडल्यापासून आजपर्यंत रिकामी राहिलेली नाही.